नळ उघडला की नदीच येते

आपल्या वस्त्यांमध्ये पाण्याचा दिवस लगेच ओळखू येतो. पहाटेपासून पिंपं, हंडे, कळश्या नळाजवळ येऊन बसतात. ज्या घरातल्या बाईला लवकर कामावर जायचं असतं, तिची बादली पुढे घेतली जाते. नळ आधी नुसती हवा सोडतो, मग गढूळ पाणी येतं आणि थोड्या वेळाने नेहमीसारखं. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला एक दिवसाआड पाणी मिळतं, म्हणून थोड्या वेळात दोन दिवसांचं पाणी भरून ठेवायचं असतं. त्या गडबडीत नदीचा विचार कोण करणार? नदी म्हणजे पुलावरून जाताना नाकाला पदर लावायला लावते ती, आणि नळ म्हणजे महापालिकेचा, असंच आपण धरून चालतो. आम्हाला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच की, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. नळ उघडला की नदीच घरात येते.

पुनावळे आणि रावेत पवनेच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. रावेतच्या बंधाऱ्यावरून महापालिका पाणी उचलते, निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात ते शुद्ध करते आणि टाक्यांमधून शहरभर सोडते. अलीकडे आंद्रा धरणाचं पाणीही इंद्रायणीतून उचलून शहराच्या काही भागाला दिलं जातं. तरी हे शहर आजही मुख्यतः पवनेवर जगतं. आपल्या लेकरांच्या दुधाच्या बाटलीतलं पाणी, विहारात आलेल्या पाहुण्याला दिलेला पेला, कारखान्यात नेलेली बाटली, या सगळ्यात पवना आहे.

आपल्या वर कोण, आपल्या खाली कोण

पवना मावळातल्या डोंगरात उगम पावते. तिच्या खोऱ्यावर बेडशाची लेणी आहेत. शेजारच्या इंद्रायणीच्या खोऱ्यावर भाजे आणि कार्ले. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू वर्षावासासाठी तिथे राहत. लेणी पाहायला गेलो की आपण चैत्यगृह पाहतो, स्तूपाला वंदन करतो आणि परत फिरतो. बाजूला कातळात खोदलेली पाण्याची टाकी मात्र नजरेतून सुटतात. त्या टाक्यांना शिलालेखांत ‘पोढी’ म्हटलं आहे. बेडशाच्या एका टाक्यावर समडिनिका नावाच्या महारठिनीच्या दानाचा लेख आहे. एका बाईने संघाला पाणी दिलं आणि तिचं नाव दगडात राहिलं. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर पाणी गाळण्याचं साधनही असतं, हे श्रामणेर शिबिराला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाणी स्वच्छ ठेवणं आणि गाळून पिणं हा आपल्यासाठी नवा विचार नाही.

तीच पवना पुढे पुनावळे, थेरगाव, चिंचवड, पिंपरी करत दापोडीला मुळेला मिळते. मुळा पुण्यात संगमावर मुठेला मिळते. मुळा-मुठा पुढे शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसजवळ भीमेत जाते. इंद्रायणी देहू, मोशी, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते आणि त्यानंतर भीमा कोरेगावला पोहोचते. दर १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आपण ज्या नदीकाठी जातो, तिच्यात चाकण, मोशी, चिखली या भागांचं पाणी आलेलं असतं. पुढे उजनी धरण. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. त्यापुढे पंढरपूर, मग कर्नाटक. तिथे कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्याच काठी सन्नती आहे. तिथल्या स्तूपाच्या अवशेषांत सम्राट अशोकाची नाव कोरलेली प्रतिमा सापडली. शेवटी भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णेच्या काठी अमरावतीचा महास्तूप आहे.

हे सगळं सांगण्याचं कारण भूगोल शिकवणं नाही. आपण नदीच्या मधोमध राहतो, हे ध्यानात यावं म्हणून सांगितलं. आपल्या वरच्या अंगाला कुणीतरी जे सोडतं ते आपल्या नळाला येतं. आपण जे सोडतो ते खालच्या कुणाच्यातरी हंड्यात जातं. आणि खालच्या अंगालाही आपल्यासारखीच माणसं आहेत. दौंडकडची, इंदापूरची, माढ्याची, सोलापूरची.

नदीला काय झालं आहे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी करतं. २०१८ च्या यादीत देशभरात ३५१ पट्टे होते आणि त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात होते. हा आकडा सगळ्या राज्यांत मोठा होता. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर आला; महाराष्ट्राचा मात्र ५५ झाला. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा या आपल्या खोऱ्यातल्या नद्या त्या यादीत आहेत. पवनेचा जो पट्टा नोंदवला गेला तो रावेत ते दापोडी. म्हणजे जिथून पिण्याचं पाणी उचलायचं, तिथूनच खराब नदी सुरू होते.

नदी खराब आहे हे ठरवतात कसं? त्यासाठी बीओडी नावाचं माप आहे. शिळ्या भाताच्या पातेल्यात पाणी घालून ते झाकून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो, कारण जंतू तो भात खात असतात. नदीतही तसंच होतं. मैला, खरकटं, कुजणारा कचरा पाण्यात गेला की जंतू तो खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. किती प्राणवायू लागेल याचा अंदाज म्हणजे बीओडी. अंघोळीच्या लायक नदीत तो लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. त्यापुढे गेला की मासे तडफडतात, पाणी काळं पडतं, जलपर्णी माजते आणि तिच्या आडोशाने डास वाढतात. थेरगावच्या केजूदेवी बंधाऱ्यावर आणि आळंदीला पाण्यावर जो पांढरा फेस तरंगताना दिसतो, तो साबण, डिटर्जंट आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या रसायनांचा असतो. लहान मुलं तो हातात घेऊन खेळतात. त्यांना अडवा.

फेस डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचीच बातमी होते. पण आपल्या नदीतला सगळ्यात मोठा वाटा मैलापाण्याचा आहे. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० मध्ये झाली, महानगरपालिका १९८२ मध्ये. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांच्या वर होती आणि त्यानंतर पुनावळे, रावेत, ताथवडे, वाकड या भागांत उसाची आणि भाजीची रानं जाऊन वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या. माणसं आली, नळजोड आले. पण ड्रेनेज लाइन आणि मैलाशुद्धीकरण केंद्रं त्या वेगाने आली नाहीत. हद्दीबाहेरच्या, रावेतच्या वरच्या गावांत तर ती त्याहून उशिरा पोहोचतात. ज्या मैल्याला पाइप मिळत नाही तो ओढा धरतो आणि ओढा नदीला जातो. चाकणपासून भोसरीपर्यंतच्या कारखान्यांचं पाणी यात मिसळलं की जंतूंच्या जोडीला रसायनं येतात. पाणी उकळून जंतू मरतात, रसायनं जात नाहीत, हे विसरू नये.

नदी अंगात कशी शिरते?

कुणी म्हणेल, नदी कशीही असो, महापालिका पाणी शुद्ध करूनच देते ना? खरं आहे. केंद्रातून निघताना पाण्यात क्लोरिन असतो. पण केंद्रापासून आपल्या हंड्यापर्यंत मोठा प्रवास आहे. एक दिवसाआड पाणी म्हणजे मधल्या काळात पाइप रिकामे. भरलेल्या पाइपातलं पाणी गळतीतून बाहेर जातं. रिकाम्या पाइपात मात्र बाहेरची घाण आत ओढली जाते. पाण्याची लाइन गटारातून गेली असेल, चेंबर तुंबलं असेल, तर ती घाण म्हणजे मैलाच. नळाला थेट मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. मोटर लावणाऱ्याला पाणी जास्त मिळतं, पण सगळ्या गल्लीच्या पाण्यात गटार मिसळू शकतं. हे आपल्याच वस्तीत, आपल्याच माणसांकडून होतं, म्हणून स्पष्ट लिहितो आहोत.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात गिलेन बारे सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची साथ आली. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी हा तिचा मुख्य पट्टा. ही गावं महापालिकेत नव्याने आलेली. रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही माणसं दगावली, पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण सापडले. काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू आढळला. तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या कोंबडीच्या मांसातून पोटात जातो. आधी जुलाब होतात, ते थांबतात, आणि काही दिवसांनी पायांतलं बळ जाऊ लागतं, कारण शरीराची स्वतःची संरक्षण व्यवस्था स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. त्या साथीत खासगी आरओ केंद्रांच्या पाण्यातही दोष सापडले आणि काही केंद्रं बंद करावी लागली. म्हणून ‘आम्ही जारचं पाणी पितो’ एवढ्याने निश्चिंत होऊ नये. मुंग्या येणं आणि पायांतून वर चढत जाणारा अशक्तपणा ही लक्षणं दिसली तर घरी वाट बघू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

जीबीएस दुर्मीळ आहे. कावीळ, टायफॉइड आणि जुलाब मात्र दर पावसाळ्यात आपल्या दारात असतात. पाण्यातून होणारी ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, विशेषतः शेवटच्या महिन्यांत. तिला पिवळेपणा दिसताच दवाखाना गाठायचा. झाडपाला, माळ, मंत्र यांत दिवस घालवायचा नाही. आणि आजार झाला की औषधाचाच खर्च होत नाही. ठेकेदाराकडचा रोज बुडतो, धुण्या-भांड्याच्या कामावर खाडा पडतो, मुलीची शाळा सुटते कारण आजारी भावाजवळ तीच बसते. नदीच्या आजाराचं बिल पहिल्यांदा हातावर पोट असणाऱ्याच्या घरी येतं. म्हणून नदी हा आरोग्याच्या पानाचा विषय आहे.

‘वस्तीवाल्यांनीच नदी घाण केली’

हे वाक्य आपण बसमध्ये ऐकतो, साहेबांच्या तोंडून ऐकतो, कधीकधी शिकून पुढे गेलेल्या आपल्याच नातेवाइकांकडूनही ऐकतो. त्याला रागाने नको, हिशेबाने उत्तर देऊ. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं असा सरकारी मापदंड आहे, आणि दिलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं अभियंते धरतात. चार माणसांच्या फ्लॅटला त्या मापाने ५४० लिटर पाणी मिळालं तर सव्वाचारशे-साडेचारशे लिटर सांडपाणी निघतं. आता समजा, वस्तीतल्या पाच माणसांच्या घरात दोन दिवसांसाठी २०० लिटरचं एक पिंप आणि चार हंडे भरले जातात. त्या घरातून रोज शंभर लिटर सांडपाणी तरी निघेल का? ज्याला पाणीच कमी मिळतं, तो नदी जास्त कशी घाण करणार? फरक एवढाच आहे की त्यांचं पाणी पाइपातून जातं म्हणून दिसत नाही, आपलं उघड्या गटारातून जातं म्हणून दिसतं. आणि पाइपाच्या शेवटी शुद्धीकरण होत नसेल, तर दोन्ही नदीतच पोहोचतात.

पण हिशेब प्रामाणिक असावा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतर रस्त्यावर पडलेले पाण्याचे पाउच आणि थर्माकोलच्या ताटल्या आपल्याच असतात. पहिल्या पावसात त्या गटारात, गटार तुंबून पाणी आपल्याच घरात, आणि उरलेलं नदीत. कचऱ्याची पिशवी पुलावरून भिरकावणारा हात आपल्यातल्याही कुणाचा असतो. दुसऱ्याला जाब विचारायचा तर आपला हात स्वच्छ हवा.

या हिशेबाचा एक भाग कचऱ्याचाही आहे. पुनावळ्यात वनजमिनीवर कचरा डेपो करण्याचं अनेक वर्षं घाटत होतं. २०२३ मध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले आणि डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात तो प्रकल्प रद्द केल्याची घोषणा झाली. लोक एकत्र आले तर निर्णय बदलतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. पण त्यानंतर आम्ही स्वतःला एक प्रश्न विचारतो. आपला कचरा मग जातो कुठे? तो मोशीला जातो आणि तिथेही माणसं राहतात. ‘आमच्याकडे नको’ एवढ्यावर थांबणं हे आपल्या विचारात बसत नाही. आपल्या लोकांनी शतकानुशतकं इतरांची घाण गावकुसाबाहेर झेलली आहे. ओला-सुका कचरा घरातच वेगळा केला, तरच तो डोंगर कमी होईल.

आधी ड्रेनेज, मग बगीचा

मुळा, पवना आणि इंद्रायणी या नद्यांसाठी महापालिकेने नदीसुधार प्रकल्प आखले आहेत. नकाशांत काठावर दगडी बांध, पायवाटा, बाकं, दिवे दिसतात. काठ देखणा व्हायला आमची हरकत नाही. पण पाहुण्याच्या तोंडाला पावडर लावून ताप उतरत नाही. ओढ्यांतून येणारा मैला अडवून शुद्धीकरण केंद्रात वळवणं, रावेतच्या वरच्या गावांना ड्रेनेज देणं, केंद्रं पूर्ण क्षमतेने आणि रात्रंदिवस चालवणं, हे आधी. बाकं नंतर.

वस्तीतल्या माणसाला ‘नदीसुधार’ म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण त्याला त्यात नोटीस दिसते. निळी पूररेषा ही खरी गोष्ट आहे. पवना धरणातून विसर्ग वाढला की पिंपरीच्या संजय गांधीनगरसारख्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरतं आणि लोकांना शाळांमध्ये हलवावं लागतं. पुरात कुणी राहावं असं आम्ही म्हणणार नाही. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले न्यायालयाच्या आदेशाने पाडले गेले, तेव्हा रेषा बंगलेवाल्यालाही लागू होते हे दिसलं. आमचं म्हणणं एवढंच आहे की वस्तीला आधी जवळपास पक्कं घर, मग स्थलांतर. नदीच्या आरोग्यासाठी गरिबाचं आरोग्य रस्त्यावर टाकता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. ड्रेनेज वाढवा म्हणताना त्यात कोण उतरतं, याचा विचार आपण नाही करणार तर कोण करणार? २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय मैलावाहिनीत आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. पण भरपाईने माणूस परत येत नाही. चेंबर तुंबलं आणि कुणी शे-दोनशे रुपयांवर आपल्याच पोराला आत उतरवत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. त्या टाकीतला वायू एका श्वासात माणूस पाडतो. सक्शन गाडी मागवा.

महाडपासून रावेतपर्यंत

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. नंतर विरोधकांनी त्याच तळ्यात शेण-गोमूत्र ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतलं. न्यायालयातला झगडा १९३७ पर्यंत चालला. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट वापरण्यापासून जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही असं लिहिलं गेलं, त्यामागे ही ओंजळ आहे. महाडने एक गोष्ट कायमची शिकवली. पाणी कोण प्यायलं यावरून ते शुद्ध किंवा अशुद्ध ठरत नाही. त्यात काय आहे यावरून ठरतं. ज्या तळ्यात शेण ओतलं ते तळं शुद्ध झालं नव्हतं. आणि ज्या नदीची आरती होते पण जिच्यात मैला सोडला जातो, ती नदीही शुद्ध नाही. पाण्याला हात लावण्याचा हक्क आपण मिळवला. आता ओंजळीत घेण्याजोगं पाणी मिळवण्याची लढाई आहे, आणि ती एका जातीची नाही, नदीकाठच्या सगळ्यांची आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे-वीज त्यांच्याकडे होती. दामोदर आणि महानदीच्या प्रश्नात त्यांनी संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार केला. एक प्रांत वर, एक खाली अशी नदी तुकड्यांनी सांभाळता येत नाही, ही त्यामागची दृष्टी होती. आज पवना धरण मावळात, ग्रामपंचायती वेगळ्या, छावणी वेगळी, महापालिका वेगळी. नदी एक आणि मालक अनेक. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचं पाणी बंद पाइपातून शहराला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मेले. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भिडले तेव्हा सिद्धार्थाने युद्धाला नकार दिला, हे आपण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये वाचतो. मावळचा शेतकरी आणि शहरातला कामगार एकमेकांचे शत्रू नाहीत. शिवाय पाणी धरणातून थेट पाइपाने आलं तर शहराला कदाचित बरं मिळेल. पण मग मधली नदी ही नुसती गटार उरेल आणि तिची काळजी करायचं शहराला कारणही उरणार नाही. पाइप आला तरी नदी सोडायची नाही, असा आपला आग्रह असावा.

आपण काय करायचं?

घरात. नळ आल्यावर सुरुवातीचं पाणी धुण्या-भांड्याला काढा, पिण्याचं नंतर भरा. पिण्याचं पाणी खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळा, किंवा आशाताईंकडून मिळणारं मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. हंड्यात हात बुडवू नका, लांब दांड्याचा डवला वापरा. पिंपं झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा, नाहीतर कावीळ टाळताना डेंगी पाळाल. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजत राहा, चमचा चहाचा. लहान मुलाला ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. झिंक चौदा दिवस द्यायचं, जुलाब थांबले तरी. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, शौचात रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना. मनाने अँटिबायोटिक घेऊ नका.

वस्तीत. महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर, पंधरा मिनिटं पाण्याला द्या. कोणाकडे जुलाब, कोणाकडे कावीळ, कोणत्या गल्लीत पाण्याला वास, हे एका वहीत तारखेसह लिहा. एकाच गल्लीत तीन-चार घरं आजारी असतील तर लाइन फुटली आहे असं समजून ‘सारथी’वर आणि क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. आरोग्य कर्मचाऱ्याला नळाच्या टोकाला ओटी टेस्ट करायला सांगा. नळाच्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला असला पाहिजे. चाचणीत रंग पिवळा आलाच नाही, तर ते वहीत लिहा.

आणि सरकारदरबारी. माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारा. आपल्या प्रभागातल्या नळांच्या पाण्याचे गेल्या सहा महिन्यांचे तपासणी अहवाल काय आहेत? आपल्या ओढ्याचं पाणी कोणत्या मैलाशुद्धीकरण केंद्रात जातं, की थेट नदीत? त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी किती? उत्तर विहाराच्या फळ्यावर लावा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या फळ्यासमोर उभं करा.

बेडशाच्या त्या समडिनिकेने डोंगरात एक टाकं दिलं, पाणी साठवण्यापुरतं. आपल्याकडे खोदायला कातळ नाही. एक वही आहे, एक फळा आहे आणि एकमेकांच्या शेजारी राहणारी घरं आहेत. पुढच्या पाण्याच्या दिवशी नळ उघडाल तेव्हा पहिली बादली भरताना त्या पाण्याकडे जरा नीट बघा. त्याचा रंग, त्याचा वास. आणि मग वहीत पहिली ओळ लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!